सगळं गाव लंगडतं तो सिनेमा

ती. दादास,

तुझ्या दातांच्या डॉक्टर आतेबहिणीचा नमस्कार. (साष्टांग घातला तर उठताना कुणीतरी हात द्यायला लागतो आणि दवाखान्यात या वेळी कुणी नाही. तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे.) तुझी तब्येत बरी असणार, कारण ती बिघडली की तुझा रोज फोन येतो आणि बऱ्याच दिवसांत आलेला नाही. वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? तिला म्हणावं जिने चढू नकोस, आणि तू तिला माडीवरून हाका मारू नकोस. आम्ही सगळे ठीक. मामांचं म्हणशील तर रक्तदाब बरा, झोप बरी, आणि कवळी मी स्वतः बसवलेली असल्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करायची त्यांची प्राज्ञा नाही. कान मात्र अजून ठणठणीत आहेत, आणि फोन न करता पत्र लिहायचं कारण तेच. फोनवर तुझ्याशी काही बोलावं तर मामा पलीकडच्या खोलीतून उत्तर देतात. म्हणून कागद घेऊन दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत येऊन बसले आहे. (खुर्ची खरंच आरामाची आहे. लोक उगाच घाबरतात.)

हे पत्र तुझ्याआधी वहिनी वाचणार हे गृहीत धरून थोडं मागचं सांगते. तुला पाठ असलं तरी ऐकून घे. मामांनी उभं आयुष्य सिनेमातल्या लोकांच्या वतीने चालण्यात घालवलं. त्या काळी चित्र आधी काढत आणि आवाज मागाहून भरत. एका बंद खोलीत जमिनीतच चौकोनी खड्डे केलेले, कशात वाळू, कशात खडी, कशात लाकडी फळ्या. पडद्यावर नायक चालायला लागला की मामा त्या खड्ड्यात उभे राहून जागच्या जागी चालायचे. नायकाचे बूट मामांचे, खलनायकाचे मामांचे, नायिकेच्या सँडलही मामांच्याच (टाचेकडून कापून मोठ्या केलेल्या), आणि पोलिसांची तुकडी आली की तीही एकटे मामाच. स्टुडिओत त्यांना पाऊलमास्तर म्हणत. शाळेत तुला वडील काय करतात म्हणून विचारलं तेव्हा तू 'चालतात' असं सांगितलंस आणि बाईंनी तुला उभं केलं, ती गोष्ट मामी फार रंगवून सांगायची. तुला त्या गोष्टीचा राग यायचा हे मला माहीत आहे. तर ती जुनी सवय मामांची अजून गेलेली नाही. दवाखान्याचा जिना त्यांच्या खोलीला लागून आहे, आणि पायरीवरच्या आवाजावरून ते सांगतात की येणाऱ्याची दाढ दुखते आहे, की नुसतं दाखवायला आला आहे, की दारापर्यंत येऊन परत फिरणार आहे. परत फिरणाऱ्यांच्या बाबतीत ते कधी चुकत नाहीत. चुकले असते तर माझं बरं चाललं असतं.

आता मुख्य हकिकत. आमच्या कन्येच्या कॉलेजात सिनेमाचं एक मंडळ आहे. ही मुलं अधूनमधून एखादा जुना सिनेमा लावतात, मग त्यावर बोलतात, आणि शेवटी हात वर करून ठरवतात की हा आजच्या माणसाला पाहवतो की नाही, म्हणजे 'टिकतो' की 'टिकत नाही'. (सिनेमा काढणारे बहुतेक सगळे वर गेलेले असल्यामुळे अपिलाची सोय नाही.) यंदा कन्येने तो हाराचा सिनेमा निवडला. सावकाराच्या घरातून हार चोरीला जातो, बिचाऱ्या नायकावर आळ येतो, तो तुरुंगात जातो आणि शेवटी सुटून आईकडे परत येतो, तोच तो. पाहुणे म्हणून मामांना बोलवायचं ठरलं. एरवी बोलावणं आलं की आदल्या दिवशीच सदरा काढून ठेवणारे मामा या वेळी आढेवेढे घ्यायला लागले. पाठ धरली, मग पोट धरलं, मग गार वाऱ्याची भीती वाटायला लागली. मी डॉक्टर असल्यामुळे (दातांची का होईना) यातलं काहीच चाललं नाही. शेवटी कन्येने कोणता गुन्हा केलाय म्हणून तोंड लपवताय असं थट्टेत विचारलं, आणि मामा पोटावरचा हात काढून बूट घालायला लागले. ते मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ मला नंतर लागला.

जुन्या सिनेमांबद्दल माझं स्वतःचं असं काही मत नाही. मला त्यात फक्त दात दिसतात. नायकाचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, नायिकेच्या सुळ्याला कीड, आणि सगळ्या गावात निरोगी दात काय ते एका खलनायकाचे. हल्लीच्या सिनेमात सगळ्यांचे सारखे पांढरेशुभ्र असतात, त्यामुळे मला कोण कोण आहे ते कळत नाही. बाकी पोरं ज्याला हसली त्याला मीही हसले असते. नायकाला गोळी उजव्या दंडाला लागते आणि झोळी डाव्या हाताला येते. डॉक्टर आल्या आल्या गरम पाणी मागतो आणि त्या पाण्याचं पुढे काहीही करत नाही. नायिका आनंद झाला की पळते आणि दुःख झालं तरी पळते, त्याच जिन्यावरून. पोरं खदाखदा हसत होती. मामा पडद्याकडे बघतच नव्हते. मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत बसले होते, आणि कुणी पडद्यावर चालायला लागलं की डोळे मिटून घेत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला हसण्याचं वाईट वाटतंय. मी त्यांना एक पेपरमिंट दिली. दुसरं काय करणार.

सिनेमा संपला आणि मंडळाचा मुख्य उठला. त्याला सगळे चष्मिस म्हणतात. मुलगा हुशार आहे, पण हुशारी दिसली पाहिजे अशी त्याला काळजी असते. तो म्हणाला, या सिनेमात एक थोर गोष्ट आहे जी आजवर कुणाच्याच लक्षात आली नाही. सुरुवातीला सगळी माणसं नीट चालतात. मग चोर सावकाराच्या भिंतीवरून उडी मारतो, आणि त्या उडीनंतर गावातला प्रत्येक माणूस लंगडतो. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येतं. नायक लंगडतो, सावकार लंगडतो, नायिका लंगडते, पोलीस तर तुकडीने लंगडतात. म्हणजे चोरी एकाने केली आणि अपराध सगळ्या समाजाच्या पायात भरला. एकटी नायकाची आई तेवढी सरळ चालते, कारण ती निर्दोष आहे. एवढं बोलून तो खाली बसला आणि टाळ्या झाल्या. (आमच्या कन्येने जरा जास्तच वाजवल्या. त्याबद्दल वेगळं लिहीन.)

मामा उठले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "अपराध समाजाचा नाही, माझा आहे. घोटा सुजला होता." मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. चोराच्या उडीचा आवाज नीट येईना म्हणून ते टेबलावर चढून फळ्यांवर खरीच उडी मारायला गेले आणि घोटा मुरगळला. सिनेमा लागायची तारीख ठरलेली, दुसरा पाऊलमास्तर गावात नाही, मग पट्टी बांधून उरलेला सगळा सिनेमा तसाच चालून काढला. थिएटरातले कर्णे असे खरखरत की कुणाला काही कळलं नाही, पण मामांना माहीत होतं. दुसऱ्याच्या पायात आपलं लंगडेपण घातलं ही गोष्ट त्यांना इतकी लागली की त्यांनी तो सिनेमा कधी पाहिलाच नाही. आता हॉलमधल्या नव्या कर्ण्यांनी सगळं चव्हाट्यावर मांडलं. चष्मिसचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण पोरगं चिकाटीचं. त्याने विचारलं, मग आई सरळ कशी चालते?

मामा म्हणाले, ते पाय माझे नाहीत. आईच्या वहाणा नायिकेच्या सँडलसारख्या कापून मोठ्या केलेल्या नव्हत्या, सुजलेला पाय त्यांत जाईना म्हणून तो तुकडा त्यांनी केलाच नव्हता. त्या दिवशी मामी पट्टी आणि तेल घेऊन खोलीत आली होती, तिलाच त्या वहाणा घालून खडीत उभं केलं होतं. पण दिग्दर्शक म्हणाला होता की हे तात्पुरतं, नंतर बाहेरचा माणूस आणून नव्याने करून घेऊ. तसं केलंच असणार, असं मामा धरून चालले होते. मग म्हणाले, "जरा परत लावा बघू ते."

पोरांनी लावलं. शेवटचा प्रसंग. फाटकापाशी आई मुलाला घ्यायला जाते आणि दोघं खडीवरून घराच्या दारापर्यंत येतात. मुलगा लंगडतो, म्हणजे मामा. त्याच्या बाजूने आईचं पाऊल नीट पडत येतं, आणि दाराशी थांबतं. पडद्यावरची बाई थांबत नाही, ती सरळ आत जाते, पण आवाज उंबऱ्यापाशी जरासा घुटमळतो आणि मग आत जातो. पहिल्या वेळी पोरं याच जागी सर्वांत जास्त हसली होती, आवाज मागे राहिला म्हणून, आणि त्या गोंगाटात मामांना तो ऐकूच आला नव्हता. दादा, मामी आयुष्यभर कुठल्याही दारातून आत जाताना अशी घुटमळायची, आठवतं? दोन्ही हातांत काही ना काही असायचं, म्हणून अंगठ्याने उंबरा चाचपून मग पाय टाकायची. तुमच्या घरी मी त्या आवाजावरच लहानाची मोठी झाले आहे. हॉलमध्ये मला रडू आलं, हे इथे सरळ लिहून टाकते, कारण कन्या तुला सांगणारच आहे. मामा रडले नाहीत. ते कान लावून उभे होते. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, पण तोवर कँटीन उघडून निम्मी पोरं गेली होती, हेही कारण असेल.

मग हात वर झाले. 'टिकत नाही'चे हात इतके होते की मोजायची गरज पडली नाही, आणि त्यात मामांचाही होता. घरी येताना मी विचारलं, तर म्हणाले, अगं, तो सिनेमा तेव्हाही टिकण्यासारखा नव्हता. त्या खडीवरच्या चार पावलांचं तेवढं वेगळं.

हकिकत संपली. तू फोनवर नेहमी म्हणतोस की जुने सिनेमे आता बघवत नाहीत. तुझ्या मताशी कॉलेजातली तरुण पिढी सहमत आहे, हे कळवावं, एवढाच या पत्राचा हेतू. वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
छोटी

ता. क. एक क्षुल्लक गोष्ट राहिली. एक कंपनी तो सिनेमा धुऊनपुसून पुन्हा बाहेर काढते आहे, आणि त्यांना पावलांच्या आवाजाची पट्टी वेगळी सापडली आहे. मामांनीच गेल्या वर्षी त्यांच्या मागे लागून सगळी पावलं नव्याने करून द्यायचं कबूल करवून घेतलं होतं. आता मामांनी त्यांना कळवलं आहे की आईच्या पावलांना हात लावायचा नाही, बाकीचं करून देतो. कंपनी हो म्हणाली, पण मामांचे गुडघे नाही म्हणतात. लंगडं सुधारायला गेले तर नायक आता दोन्ही पायांनी लंगडेल. म्हणून ते आपल्या देखरेखीखाली चालायला माणूस शोधताहेत. घरात सगळ्यांच्या परीक्षा झाल्या. मी दाढ उपटायला निघाल्यासारखी चालते, आमचे हे हप्ता चुकवल्यासारखे चालतात, कन्या चालतच नाही, घसरते. चष्मिस आपण होऊन आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. बाकीची पावलं कुणीतरी भाड्याने करेल, पण शेवटच्या प्रसंगात मुलाला आईच्या बाजूने चालायचं आहे, आणि तिथे कुणीच पसंत पडत नाही. परवा मामा भिंतीकडे बघून म्हणाले, आमच्या चिरंजीवांचं वजन नेमकं नायकाइतकं आहे. तुला ते स्वतः विचारणार नाहीत, कारण तू नाही म्हणशील अशी त्यांना भीती आहे. मामी गेली तेव्हा तू आलास, त्यानंतर तुझी पार्सलंच येतात. तेव्हा रजा काढ आणि ये. सिनेमा बघू नकोस हवं तर. डोळे मिटून चाल, खडीत पाय घाल, बाजूला ती असेल. तो आवाज भरला जात होता तेव्हा तू म्हणे त्याच खोलीत बाकावर बसला होतास, खोकू नयेस म्हणून तोंडात गोळी दिलेली.

ता. क. २. हे पत्र मामांना न कळता टाकायचं होतं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बराच वेळ झाला पेन ऐकतोय, एवढं लांबण लागलंय म्हणजे चिरंजीवांनाच असणार. वाचायला मागितलं नाही. एवढंच लिही म्हणाले, की रबरी तळव्याचे बूट आणू नकोस, चामडी तळव्याचे आण. आणि आलास की जिना सावकाश चढ.