चोरखिसे

३ नोव्हेंबर, सकाळ. शुगर १४२.
हे मशीन बनवणाऱ्याला आई नसंल. असती तर तिनं सांगितलं असतं, बाबा, पाहुण्यांसमोर वाजंल असलं काही बनवू नको. काल आवडाबाई चहाला आल्या. पोरीची होणारी सासू, कप तोंडाला लावलेला, अन् माझ्या मोनिकाच्या कमरेतून टीं टीं टीं. मी पटकन म्हणलं, फ्रिज वाजतोय. आवडाबाईनं फ्रिजकडं बघितलं. म्हणाल्या, दाखवून घ्या हो एकदा.
लाईट गेली होती, फ्रिज बंदच होता. पण त्यांच्या ध्यानात आलं नसंल.

त्याच दिवशी, दुपार.
वही खरं तर शुगरची. मोनिका अकरा वर्षांची होती तवा डॉक्टर म्हणले, रोज तारीख, टाईम अन् आकडा लिहायचा. मी चौथी शिकलेय, तेवढं येतं. आता तेरा वर्षं झाली, आकडे तिच्या मोबाईलमधी आपोआप जातात. तरी मी विचारते, ती सांगते, मी लिहिते. उरलेल्या जागेत माझं. कोणी वाचायचं कारण नाय.

६ नोव्हेंबर. शुगर ११८.
इंद्रजीतनं, म्हणजे होणाऱ्या जावयानं, विमानाची तिकिटं पाठवली. १४ तारीख, बेंगलोर. मुलाचं घर बघायला मी, मोनिका अन् आवडाबाई. विमान रोज मुकुंदवाडीवरून जातं, आमच्या गच्चीवरच्या पापडांवर सावली टाकून. आतून कधी बघितलं नाय.
मोनिका म्हणली, आई, तिथं अंग तपासतात. मी त्या बाईला आधीच सांगते, इन्सुलिनचा पंप आहे, हे डॉक्टरांचं पत्र. दोन मिनिटांचं काम. मी म्हणलं, आवडाबाईच्या देखत? डोकं फिरलं का? म्हणली, मग त्यांना आता सांगूनच टाकू ना. मी म्हणलं, १२ डिसेंबरला लग्न लागू दे. १३ला बँड लावून सांग.
अजिंठ्याच्या स्थळाला खरं सांगितलं होतं. अर्धा चहा टाकून उठली माणसं. दारात त्यांची आत्या म्हणली, आजारी पोरगी गळ्यात मारत होती बाई. मोनिका कपबशा उचलत होती. ऐकलं तिनं. परत कोणाकडून ऐकू देणार नाय. निश्चय म्हणजे निश्चय.

९ नोव्हेंबर. शुगर २०१. (बेसनाचा लाडू. नाय खाल्ला म्हणते.)
पंप आला तवापासून तिच्या प्रत्येक ड्रेसला आतून चोरखिसा मीच लावते. बाहेरून एक टाका दिसत नाय. आख्ख्या मुकुंदवाडीत शिवणाचा असा हात कुणाचा असंल तर दाखवा. तीन वर्षं झाली, शेजारच्या नजमाला बी पत्ता नाय. परवा विचारत होती, मोनिका का मशीन कैसा चल रहा. शिलाई मशीन म्हणत असंल.
विमानतळाचा तोडगा सापडला. तपासायच्या आधी मोनिकानं पंप काढून मला द्यायचा. माझ्या ब्लाऊजला आतून खिसा. म्हाताऱ्या बाईच्या ब्लाऊजमधी कोण बघतंय. (मी पन्नाशीची हाय, पण तिथं म्हातारी व्हायला हरकत नाय.)

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ. शुगर १३०.
मोनिका ऐकंना. मी रडले. खरं नाय रडले, पण उपयोग झाला. दहा मिनिटंच, म्हणली, अन् हे शेवटचं, आई. व्हय, शेवटचंच. उद्या काही अडचण येत नाय.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ. शुगर विचारायची राहिली.
त्या खाकीतल्या बाईला दुसरा धंदा नाय. पडद्याआड नेलं अन् तिच्या हातातलं यंत्र माझ्या छातीपाशी कोकलायला लागलं. ये क्या है आंटी? मी म्हणलं, मोबाईल. निकालो. काढला, तर नळी बी सोबत आली. खिसा बघून तिचं तोंडच बदललं. सिलके छुपाया क्यूँ? मला बाहेर आणून साहेबाला बोलावलं. आवडाबाई पलीकडं चप्पल घालत होत्या, त्या तशाच थांबल्या.
साहेबानं विचारलं, किसका है? मी म्हणलं, मेरा. मेरेकू शुगर है. बहुत साल से.
लगाके दिखाओ, म्हणला.
लावता मला डोळे मिटून येतो. पण माझ्या पोटावर लावायला जागा कुठाय? नळी हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात पंप वाजायला लागला.
मोनिका मागून आली. कुर्ता सारला, पोटावरचं नळी अडकवायचं ते गोल दाखवलं. आडपडदा नाय, सगळी रांग बघतीय. म्हणली, मेरा है सर, टाईप वन डायबिटीज. ये मेरी मम्मी है. डरती है. पत्र दिलं.
ती बाई मला म्हणली, बस इतनाच? पहले बोल देते आंटी, हमको सब पता रहता.
मी आवडाबाईकडं पळाले. ताई, तसलं काय नाय, व्हिटॅमिनचं हाय. आवडाबाईनं पर्समधून ग्लुकोजचा पुडा काढून मोनिकाच्या हातात दिला. म्हणल्या, बसा विहीणबाई, दम खा. पोरीनं पहिल्याच भेटीत सांगितलं आम्हाला. तवापासून हा पुडा पर्समधीच असतो, शुगर एकदम उतरली तर असावा म्हणून. तुम्ही बोलंनात म्हणून आम्ही बी गप. तुम्ही फ्रिज म्हणलं, आम्ही फ्रिज म्हणलं.
मला आनंद व्हायला पायजे होता. मी मोनिकाला म्हणलं, त्यांना सांगितलंस अन् मला नाय? चारचौघांत पोट उघडं केलंस, लाज नाय वाटली?
ती ओरडली नाय. हळू म्हणली, आई, अजिंठ्याची ती बाई एकदाच बोलली. तू ते माझ्या प्रत्येक ड्रेसमधी शिवलंस.
मी म्हणलं, मग मी येतच नाय.
वाटलं, हात धरंल. तिनं पंप लावला, पिशवी उचलली अन् पुढं गेली. आवडाबाईच दोनदा मागं वळल्या.
बाहेर यायला बी सह्या लागतात. रिक्षात होते तवा डोक्यावरून विमान गेलं. खिडकीत असंल ती. सकाळी फोन येतोय. माफी मागितल्याशिवाय बोलायचं नाय.

१५ नोव्हेंबर. शुगर
फोन नाय. बेंगलोरला रेंज नसंल.

१७ नोव्हेंबर. शुगर
परत आली म्हणे. इथं नाय, श्रेयाच्या रूमवर उतरली. श्रेया तिच्याच लॅबमधली मैत्रीण. तिथून कामाला जवळ पडत असंल. (लॅब आमच्या घरापासून पाच मिनिटं.)

२१ नोव्हेंबर. शुगर
श्रेया येऊन मोनिकाचे सगळे ड्रेस घेऊन गेली. मी विचारलं, तिची शुगर किती? म्हणली, काकू, ती सांगू नको म्हणलीय. मी म्हणलं, तसं काय नाय, वहीत लिहायची असती. वही दाखवली. १५ तारखेपासून जागा मोकळी सोडलीय, भरता येईल. श्रेयाचे डोळे भरले. चांगली पोरगी, जरा हळवी.

२३ नोव्हेंबर. शुगर
इंद्रजीतचा फोन. लग्न ठरल्याप्रमाणं होणार, आई, तुम्ही काळजी करू नका, तिला थोडा वेळ द्या. म्हणजे मोनिकाचा माझ्यावर राग नाय. राग असता तर लग्न मोडलं असतं. मी ओळखते ना तिला.
दोन माणसांचा स्वयंपाक झाला परत. सवय.

२६ नोव्हेंबर, दुपार. शुगर
श्रेया दारातच पिशवी देऊन गेली. मला वाटलं पत्रिका असंल.
चोरखिसे होते. चौदा. एकेक टाका नीट उसवलेला, कापडाला कुठं ओरखडा नाय. वर इस्त्री करून घड्या घातलेल्या. उसवायला मीच शिकवलं तिला, सातवीत होती तवा. म्हणलं होतं, राग आला तरी कापडावर काढायचा नाय.
चिठ्ठी नाय.
नजमा आली तवा मी खिसे पुढ्यात घेऊन बसलेली. म्हणली, मोनिका के पंप के है ना? मी व्हय म्हणलं. पहिल्यांदाच म्हणलं. काय झालं नाय. ती चहा टाकायला आत गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मोनिका, ह्या पानाचा फोटो काढून तुला पाठवतेय. मागची पानं बघायची तर घरी येऊन बघ.
लग्नातल्या ड्रेसचं कापड माझ्याकडंच हाय. त्याला खिसा लागंल. बाहेरून लावते, शालूच्या उरलेल्या जरीचा, लांबून दिसंल असा. असा खिसा मी कधी शिवला नाय, म्हणून विचारावं लागतंय. डाव्या अंगाला पायजे का उजव्या? अन् आज शुगर किती? दोन्ही रविवारपर्यंत सांग. सोमवारी कापड कापायला घेणार हाय, मग माझ्या नावानं ओरडायचं नाय. रविवार म्हणजे रविवार.