टॉवेल सुनेच्या हाती

मी, बॉक्सिंगच्या हॉलवरच्या खोलीत राहणारी, मास्तरांची विधवा, कुणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझे गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. मुलाचं जागेवर असतं तर इतकी घाई करावी लागली नसती. शाळा लवकर सुटली, अक्षराला हसू नये.

१. राहतं घर सुनेला. मुलाने तोंड वाकडं करू नये. तो हॉलमध्येच पडलेला असतो, इथे फक्त जेवायला येतो.

२. हॉल, रिंग आणि सगळं सामान मुलाला. तो कोच चांगला आहे, हे त्याच्या तोंडावर मी कधी बोलले नाही. पण हॉलबरोबर गप्प्याही त्याचाच. रोज गरम पाण्याने आंघोळ, दाढी, नखं, आणि घास भरवताना घाई नको.

नव्या पोरांना ठाऊक नाही म्हणून सांगते. गप्प्या एके काळी इतका बोलायचा, की मास्तर म्हणायचे, याच्या तोंडालाच ग्लोव्ह घाला. एका सामन्यात तो मार खात होता. टॉवेल मास्तरांच्या हातात होता. रिंगमध्ये टाकला असता तर सामना तिथेच थांबला असता. मास्तर म्हणाले, "अजून एक फेरी काढेल." फेरी निघाली, पण पोरगा गेला, नुसतं शरीर उरलं. मास्तरांनी त्याला घरी आणलं आणि मरेपर्यंत स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं. चर्चचे पाळक एकदा म्हणाले, "मास्तर, प्रार्थनेला दिसत नाही हल्ली." मास्तर म्हणाले, "येतो ना, याची पाठ चोळून झाली की." प्रभूची प्रीती म्हणजे काय, ते मला उपदेशातून नाही, त्या न्हाणीघरात कळलं.

तेव्हापासून आपल्या हॉलचा नियम आहे. टॉवेल कोचने धरायचा नाही. रिंगमधल्या पोराला ज्याने जेवू घातलंय त्याने धरायचा. कोचला जिंकणं दिसतं, जेवू घालणाऱ्याला पोर दिसतं.

३. मुलाचा माझ्यावरचा राग त्याचा त्यालाच परत. त्याच्या शेवटच्या सामन्यात, तो पुढे असताना, मी टॉवेल टाकला. "आई, माझं पदक तू खाल्लंस," असं अजून म्हणतो. म्हणतो, म्हणजे त्याला बोलता येतं. मला तेवढं पुरे.

४. टॉवेल. मला आता जिना उतरवत नाही, म्हणून मुलाने तो स्वतःच्या खांद्यावर टाकलाय. रविवारी नातीचा अंतिम सामना आहे. सरावात तिच्या कानशिलावर ठोसा बसला, तेव्हापासून ती पाणी ग्लासाच्या शेजारी ओतते. काल मला विचारत होती, "आजी, आजोबा अजून वर आले नाहीत?" मास्तरांना जाऊन वर्षं लोटली. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "दमलीय गं ती. तू उगाच अपशकुनी बोलू नकोस." तिची पावलं वाजली की हल्ली गप्प्या रडायला लागतो. त्याला कुणी सांगितलं?

मेल्यावर उघडायचा कागद रविवारी कामाचा नाही, आणि मरायची मला घाई नाही. म्हणून हे कलम आजपासून लागू. टॉवेल सुनेच्या हाती. सूनबाई, घंटेची वाट बघू नकोस. पोर रिंगमध्ये चढायच्या आधीच टाक आणि तिला डॉक्टरकडे ने. नवरा आडवा आला तर त्याला सांग, हॉल चर्चला गेला, तिथे आता गाणी म्हणतील.

५. नातीला मी काही ठेवलेलं नाही. हा विसर नव्हे. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, असं वकील म्हणाला, आणि मला तिची सही हवी होती.

लिहून देणार: मास्तरांची बायको (सही)
ठिकाण: हॉलवरची खोली
दिनांक: सामन्याआधीचा शुक्रवार

साक्षीदार पहिली: समोरच्या घरातली नर्स (सही)
साक्षीदार दुसरी: नात

मुला, दुसरी जागा मी मुद्दाम कोरी ठेवलेली नाही. ती पेन धरून माझ्यासमोर बसली आहे. "आजी, माझं नाव कसं लिहायचं?" म्हणते. वर ये.