लग्नाआधीची तबकडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या घरात पाऊल ठेवलं. तीन मजले, पंचावन्न पायऱ्या आणि माझा डावा गुडघा; तिघांचं एकमेकांशी जमेपर्यंत अर्धा तास गेला. भाचीनं सामानाच्या चार खेपा केल्या आणि दर खेपेला वाटेत मला गाठून विचारलं, की मामा, तुम्ही स्वतः येणार आहात की तुम्हालाही उचलून नेऊ? बऱ्याच दिवसांनी तिनं कुणाची टर उडवली. तेवढ्यासाठी मी आणखी पंचावन्न पायऱ्या चढलो असतो.

घर दोन खोल्यांचं, उजेड भरपूर. खिडकीच्या बरोबर खाली एक संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. गावाचं नाव या रोजनिशीतसुद्धा लिहायचं नाही, असा भाचीचा दंडक आहे. नवऱ्याचं घर सोडून तिला तीन महिने झाले. मनगटाचं हाड जुळलंय, दचकणं गेलेलं नाही. आमचा पत्ता तिच्या आईलाही दिलेला नाही.

संगणक खिडकीशी मांडला. जुन्या पोथ्यांतल्या शब्दांचा कोश करतो आहे. बावीस हजार नोंदी त्याच्या पोटात आहेत. रोजनिशीही त्यावरच टंकतो, कारण माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भाचीला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. काचा घासायच्या. दुपारी दीडला जेवायला घरी येते. किल्ली जवळ असूनही दोनदा घंटा वाजवते, म्हणजे मी दचकू नये. मी विसरभोळा, म्हणून जादा किल्ली दाराबाहेरच्या माझ्या जुन्या बुटात ठेवली आहे. त्या बुटाला हात लावण्याचं धाडस चोरही करणार नाही, असं भाचीचं मत.

संगणकाच्या कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा आज आपोआप लागला. मी काहीच करत नव्हतो. मी त्याला नमस्कार केला, तो विझला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जावईबापूंची ईमेल आली. मजकूर दोन ओळींचा. नव्या जिन्यानं गुडघा फार दुखत नाही ना, मामा? पंचावन्न पायऱ्या म्हणजे तुमच्या वयाला जास्तच.

पायऱ्या मी मोजल्या होत्या. कुणाला सांगितल्या नव्हत्या. फक्त इथं लिहिल्या होत्या.

भाचीनं ते वाचलं. उठून खिडक्या लावल्या आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसून राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, की त्याला घर सापडलं तर या वेळी तो मनगटावर थांबणार नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी (आजपासून वहीत)

खालच्या दुकानाच्या मालकीणबाई वर आल्या. मी त्यांना वैद्यबाई म्हणतो, त्या मला मास्तर. त्यांनी तासभर संगणकाची नाडी पाहिली. निदान असं, की आत हेर बसवलेला आहे. मी जे टंकतो ते बसवणाऱ्याकडे जातं, वाटेल तेव्हा तो कॅमेरा उघडतो. इंटरनेटच्या जोडणीवरून गाव त्याला कळलं असणार, घर नाही. घराचा पत्ता कुठं टंकलाय का, असं दोनदा विचारलं. नाही टंकला.

कुणी बसवला हे सांगायला वैद्य नको. लग्नानंतर दर भेटीत जावईबापू माझा संगणक ‘साफ’ करून देत. वर त्याची अख्खी नक्कल डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून ठेवत. बिघडला की मामा, यावरून जसाच्या तसा उभा करायचा. मी चारचौघांत त्याचं कौतुक करायचो.

वैद्यबाई म्हणाल्या, सगळं पुसू, कंपनीची कोरी प्रणाली घालू, जुनं काही घ्यायचं नाही. मी म्हटलं, माझा कोश जुन्या प्रणालीवरच चालतो, नव्यात त्याचं एक अक्षर उमटत नाही. वीस वर्षं आहेत ती. त्या म्हणाल्या, मास्तर, माणूस मोठा की कोश? मी शास्त्रार्थ केला. शास्त्रार्थात मी सहसा हरत नाही.

शेवटी तडजोड झाली. जावयाचा हात लागण्याआधीची एखादी नक्कल असेल तर तीच वापरायची.

तबकड्यांचा डबा उपसला. एकीवर लग्नाच्या दोन वर्षं आधीची तारीख सापडली. तेव्हा जावईबापू आमच्या जगातही नव्हते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

संगणक पुसून, लग्नाआधीच्या तबकडीवरून नव्यानं उभा केला. वैद्यबाईंनी तपासला, काही सापडलं नाही. जाताना म्हणाल्या, की मला ओळखता येतं तेवढंच मला सापडतं, मास्तर. मी त्यांना विनयाबद्दल पूर्ण गुण दिले.

भाचीनं चार दिवसांनी खिडकी उघडली. माझ्या कोशात ‘भय’ शब्दाला किती अर्थ आहेत, असं विचारलं. मी सात सांगितले. म्हणाली, सातही पाहिलेत.

दुपारी कोशमंडळाला पत्र टंकलं, छापलं, पेटीत टाकलं. रीतसर पत्र. उजव्या कोपऱ्यात पूर्ण पत्ता, मजल्यासकट. चाळीस वर्षांची सवय आहे, बिनपत्त्याचं पत्र मला उघडं वाटतं. वैद्यबाईंचा प्रश्न आठवला होता. पण आता संगणक स्वच्छ होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा

तबकडी परत डब्यात ठेवताना हातात थांबली.

आयुष्यभर विद्यार्थ्यांना एकच बजावलं. पोथीच्या शेवटी तारीख असते तिच्यावर जाऊ नका. तारीख कुणीही घालतो. हात बघा, कागद बघा.

हात बघितला. आकडे वळणदार, सुबक. माझे नव्हेत.

दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, मामा, तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही, सगळ्या तबकड्या नीट लावून देतो. तो दिवसभर बसला होता. मी त्याला चहा करून दिला.

माझ्या जुन्या तबकडीवर चहाचं वर्तुळ होतं, सगळ्या पाठीवर. हिची पाठ कोरी आहे. तारीख जुनी, कागद नवा.

पावणेएक

हिरवा दिवा लागला आहे. वायर उपटली.

पत्र शनिवारी टंकलं. त्याच्या गावाहून इथं आगगाडीला एक दिवस लागतो. आज मंगळवार.

एक

चष्म्याच्या दुकानात फोन केला. भाची आज लवकर निघाली, तिला टपालकचेरीत जायचं होतं. फोन ती बाळगत नाही. त्याच्यामुळेच.

खिडकीतून वैद्यबाईंना हाक मारली, सगळं सांगितलं. स्कूटर काढून टपालकचेरीकडे गेल्या. दुकान उघडंच टाकून गेल्या.

एक वाजून दहा

किल्ली. बुटातली. ती रोजनिशीत लिहिली होती मी, संगणकावर, सहा तारखेला. हलवायचं सुचलंच नाही —

बूट पाहिला. रिकामा. म्हणजे तो एकदा वर येऊन गेला आहे.

दार लावून कडी घातली. कडी लहान आहे. दाराला टेबल लावलं. पोलिसांना फोन केला, येतो म्हणाले. पत्ता विचारला. सांगताना जीभ अडखळली.

सव्वा

जिन्यात पावलं. सावकाश. मोजतो आहे तो.

भाची एकेक पायरी सोडून चढते. ही ती नाही.

स्कूटर अजून आलेली नाही. वही खिडकीतून दुकानाच्या पायरीवर टाकतो, वैद्यबाई येताच दिसेल. मी त्याला इथं बोलण्यात धरून ठेवतो. शास्त्रार्थ येतो मला. अर्धा तास —

पावलं थांबली. घंटा नाही. किल्ली फिरते आहे. कडीनं धरलंय.

दाराच्या फटीतून विचारतो आहे, गुडघा कसा आहे, मामा. अगदी हळू, मायेनं.

खाली स्कूटर. वैद्यबाई एकट्याच आहेत. मागं कुणी नाही. मग ती कुठून —

कोपऱ्यावर. येते आहे. हातात पाकीट, वर बघून हसते आहे, मला हात करते आहे. वैद्यबाई, वर नको, तिला धरा, तिला जिन्याशी येऊ —