कुंपणावरचा ठिपका

४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. घरामागच्या उताराचे तू पाठवलेले फोटो मी मोठे छापले, चौकटी केल्या आणि प्रदर्शनासाठी वाचनालयाकडे पाठवले.
२. प्रत्येक फोटोत कुंपणाच्या उजवीकडच्या खांबावर एक काळा ठिपका होता.
३. कॅमेऱ्याच्या आत धूळ बसली आहे असं समजून मी तो सगळ्या फोटोंतून पुसला.
४. काल त्यातला एक माझ्या खोलीसाठी छापायला घेतला आणि मूळ फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. धुळीला शेपटी होती. छाती नारिंगी होती.
५. म्हणजे तुझ्या प्रत्येक फोटोतून मी एक पक्षी पुसला आहे. एका फोटोत दोन होते. तिथले दोन्ही पुसले.

चूक कशी झाली तेही लिहिते, सबब म्हणून नाही. भिंगांच्या कारखान्यात मी दिवसभर हेच करते: भिंग उजेडासमोर धरायचं, ठिपका दिसला की बाद. तू कॅमेऱ्याचं तिकाटणं रोज स्वयंपाकघराच्या दारात त्याच जागी ठेवतेस, त्यामुळे ठिपकाही रोज त्याच जागी. धूळसुद्धा जागा सोडत नाही. जवळून काढलेल्या तुझ्या भुंग्यांच्या आणि ढालकिड्यांच्या फोटोंत ठिपका नव्हता, पण जवळच्या फोटोत धूळ तशीही उमटत नाही, म्हणून मी तोही पुरावाच धरला. काही फोटोंत तो केसभर सरकला होता. ते मी तिकाटण्याच्या नावावर टाकलं. साप समजून भुई धोपटतात, मी धूळ समजून पक्षी पुसला.

मूळ फोटो सुरक्षित आहेत. प्रदर्शन रविवारी १७ तारखेला उघडतंय, तोवर सगळे पुन्हा छापून होतील. पण एक कळत नाही. चौकटी पोचून आठवडा झाला. एका नाकतोड्यावर दोन पानं लिहिणारी तू, तुझी एक ओळही आली नाही. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, तुझ्या आत्याचं तुझ्या आत्यालाच विचार.

लोभ आहे तसा राहू दे, निदान उत्तर येईपर्यंत.

तुझी भाची

७ एप्रिल

चि. भिंगाबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्याशी उभ्याने वाचलं आणि तिसऱ्या मुद्द्यावर मटकन बसले. चौथ्यावर इतकी हसले की तुझा बाप काय झालं म्हणून बाहेरून धावत आला. पण हसू आलं ते आज. आठवडाभर नुसती धुमसत होते.

चौकटी उघडल्या तेव्हा मी वाचनालयातच होते. ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले की वा, आकाश काय स्वच्छ आलंय. एक उघडली, खांब रिकामा. दुसरी उघडली, रिकामा. मला वाटलं, तुला तो बघवला नाही. फोटोत मध्येच काय हा काळा डाग, आत्याला कळत नाही, आपणच नीट करून देऊ, असं तुझ्या मनात आलं असेल. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी. कुणी माझ्या शर्टाची बटणं उसवून, आता कसा छान सपाट दिसतो म्हणून तो परत द्यावा, तसं झालं. ग्रंथपालांना सांगितलं की मला प्रदर्शन करायचं नाही, आणि चौकटी घरी आणल्या.

अगं, तो गप्पीदास आहे. डोकं काळं, छाती नारिंगी, आणि दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा बोलतो. थंडीभर एकटा यायचा. मी चहा ठेवला की खांबावर हजर, आणि तोंड बंद म्हणून नाही. तिकाटणं मांडलं ते त्याच्यासाठी. खालची फुलं आधी पांढरी, मग पिवळी, मग जांभळी झाली, ती त्याच्या मागचा पडदा. आणि मग एका सकाळी बाजूच्या खांबावर ती आली. ज्या फोटोतून तू दोघांना पुसलंस ना, त्या एका फोटोसाठी मी प्रदर्शनाला हो म्हटलं होतं.

मी तुला आधी का सांगितलं नाही? तुझं तुला सापडावं म्हणून. तू आख्खं पान त्याच्यावर लिहिशील असं वाटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता पंचाईत अशी की माझी भिंत ग्रंथपालांनी पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या निवृत्त इंजिनड्रायव्हरला दिली. उरलाय फक्त जिना. आणि मी कुठल्या तोंडाने परत मागू? तुझा बाप म्हणतो, बरं झालं, रिकामपणचे उद्योग. त्याला रात्री आमटी अळणी दिली.

रागावले होते, आता नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या

१० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तो मला बघवला नाही, हे खरं नाही. मी त्याला पाहिलंच नाही. हे जास्त वाईट आहे, पण वेगळं आहे, आणि तो फरक तुला नीट कळावा म्हणून हे पत्र. तुझ्या फोटोंतलं काहीही मला सुधारावंसं वाटलेलं नाही. तसं वाटलं असतं तर मी विचारलं असतं.

जिना माग. ग्रंथपालांना सांग की चूक छापणारीची आहे आणि ती तसं लेखी द्यायला तयार आहे. नवीन छापलेले फोटो उद्याच्या पार्सलने निघतील. या वेळी प्रत्येक खांब मी स्वतः मोठा करून तपासला. एका फोटोत त्याने चोचीत अळी धरली आहे, ते तुलाही माहीत नसेल. दुसऱ्यात तो पाठमोरा आहे. दोघांचा जो आहे तो मी सगळ्यांत शेवटी छापला. त्यात ती त्याच्याकडे बघत नाही. तो मात्र बोलतो आहे.

पुसलेले फोटो परत पाठवू नकोस. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. चौकटी वापरायच्या असतील तर मागचे खिळे आत दुमडलेले आहेत, पकडीने सरळ कर, हाताने नको.

बाबांना आमटीत मीठ घाल.

जिन्याचं जमलं नाही तर तसंही कळव. मग आपण दुसरी जागा बघू. मी ‘आपण’ लिहिलं आहे, ते चुकून नाही.

तुझी भाची

१८ एप्रिल

चि. भिंगाबाईस,
अनेक आशीर्वाद आणि आज जरा जास्तच.

जिना मिळाला. मागायला गेले तर ग्रंथपालच म्हणाले की मी बाईंची वाटच बघत होतो, इंजिनड्रायव्हरांची तिकिटं एवढी बारीक आहेत की भिंत रिकामीच दिसते. पार्सल उघडलं आणि मी पहिल्यांदा पाठमोराच बाहेर काढला. कसा बसलाय बघ, पाहुणे आल्यावर तुझा बाप बसतो तसा.

मग मी एक आगाऊपणा केला. पुसलेले टाकवेनात. त्यांनाही तुझे हात लागलेत. म्हणून पायरीगणिक जोडी लावली, डावीकडे तुझा पुसलेला, उजवीकडे माझा पक्षीवाला, आणि खाली चिठ्ठी: दोन्हींत काय वेगळं? अगं, जिना तुंबला. माणसं वर जाईनात, खाली येईनात. एक बाई म्हणाल्या की उजवीकडच्याचा रंग गडद आहे. त्यांच्या मागची पोर म्हणाली, आजी, पक्षी आहे तो, आणि मग जो तो पहिल्या पायरीपासून पुन्हा बघायला खाली. इंजिनड्रायव्हर आपली तिकिटं सोडून भिंग घेऊन आले. त्यांचं भिंग हातोहात फिरलं, त्यांना संध्याकाळपर्यंत मिळालं नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, उलट अळी त्यांनाच पहिल्यांदा दिसली.

आणि तुझा बाप. सकाळी म्हणाला होता, गुडघे दुखतात, जिना कशाला चढू. दुपारी बघते तर दोघांच्या फोटोशी ठाण मांडून उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय की हे दोन पक्षी माझ्या मुलीने पुसले होते, अजिबात मागमूस ठेवला नव्हता, बघा डावीकडे, आहे का खूण? इतक्या कौतुकाने सांगत होता की जणू तुला त्याचं बक्षीस मिळालंय. जिन्यात अंधार पडतो म्हणून नवा दिवाही त्यानेच आणून लावला. रिकामपणचे उद्योग मी त्याला ऐकवणार होते. मग म्हटलं जाऊ दे, शिडीवर चढलेल्या माणसाला टोमणा मारू नये.

अजून एक. उताराच्या पायथ्याला गवतात त्यांचं घरटं आहे. दोघं चोचीत काहीबाही घेऊन सारखे ये-जा करताहेत, म्हणजे पिल्लं झालीच. अजून वाकून बघितलं नाही, पण हात शिवशिवतात. कॅमेरा घेऊन जवळ जाऊ का? तुझ्याकडे कॅमेऱ्याचा तो लांबचं बघणारा डोळा आहे, पण तू ये असं मी लिहीत नाही. तू कामाची माणूस. तू येऊन दोन वर्षं झाली, म्हणून आता तसं लिहायची सवयही गेली.

माया आहे हे तुला माहीत आहे, तरी लिहिते.

तुझी आत्या

२१ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरट्याजवळ जाऊ नकोस. वाकूनही बघू नकोस. आई-बापांना धोका वाटला तर ते भरवणं थांबवतात, आणि तू गवतात पाडलेल्या वाटेने मांजर पोचतं. दारातूनच बघ. पिल्लं महिनाअखेरीस बाहेर पडतील. त्यानंतरही काही दिवस ती कुंपणाच्या आसपासच असतात आणि दोघं त्यांना भरवतात. जे काही बघायचं ते तेव्हा बघता येईल.

जिन्याबद्दलचं पान मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाने विचारलं की कशाला हसतेस. मी सांगितलं. मी इथे सहसा काही सांगत नाही, त्यामुळे तो जरा घाबरला. मग त्याने फोटो बघायला मागितला. त्याला ठिपका लगेच दिसला आणि तो म्हणाला, धूळ.

दोघांचा फोटो माझ्या खोलीत टेबलासमोर लावला आहे. चार वर्षं मी ठिपके शोधते आणि बाद करते. ठेवावासा वाटलेला हा पहिलाच.

तू ये असं लिहिलं नाहीस, ते बरोबर आहे. मी दोन वर्षांत दर वेळी काम पुढे केलं, आणि प्रत्येक वेळी तेवढं काम नव्हतं. आता मला यायचं आहे. मोठं भिंग आणेन, पण ते तुझ्यासाठी. मला सकाळी दारात बसून चहा घ्यायचा आहे आणि तो खांबावर येताना बघायचा आहे, फोटोत नाही. मी फारशी बोलणार नाही. तुला आणि त्याला ते चालेल असं धरते.

मेच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळू शकते. अर्ज शुक्रवारी २९ तारखेला द्यायचा आहे. बाबांना फोनवर निरोप ठेवायला सांगू नकोस, तू स्वतः लिही. मी येऊ का, ते गुरुवार, २८ तारखेपर्यंत कळव.

तुझी भाची