तक्त्यावरचा सरदार

रविवार, ११ जानेवारी १९८७

आज टीव्हीवरच्या त्या माणसानं चोवीस मिनिटांत पणजोबा शोधला! सुटातला निवेदक आणि कुणी बडा कारखानदार कचेरीत शिरले. कारकुनानं हसून चहा विचारला (इथंच मला संशय आला), पेटी उघडली, आणि हवा तो कागद सगळ्यात वर! मागं सतार वाजली. कारखानदार रडला. शालूही रडली. बायको रडली की मला हसू येतं, पण आज मीही पेटलो. आमच्या घराण्यातही एक सरदार होऊन गेला, असं वडील सांगायचे. त्याला शोधायचा!

आईचं वेगळंच. पंचाहत्तरी गाठली, पण रविवार आला की पहाटे न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीपुढं हजर. निवेदकानं हात जोडले की ही पदर डोक्यावर घेऊन उलट नमस्कार करते. हिंदी तिला ओ की ठो कळत नाही. म्हटलं, आई, तो तुला बघत नाही. म्हणाली, "न्हाय कसा? माझ्याकडंच बघून बोलतोय की."

१२ जानेवारी

शाळेतून तक्त्याचा मोठा कागद आणला. चित्रकला शिकवण्याचा एवढा तरी फायदा. वंशवृक्ष काढायला घेतला. बुंध्यात सरदार — मंदिल, तलवार, मिशा. नाव अजून माहीत नाही, पण मिशा झकास जमल्या.

रविवार, १८ जानेवारी

आज एका डॉक्टरचे पूर्वज राजवैद्य निघाले. मागच्या खेपेचे दिवाण होते. टीव्हीवर कुणाचाच पूर्वज साधा गुराखी कसा निघत नाही? गुरं मग राखत कोण होतं?

कार्यक्रम संपला की आई दर वेळी विचारते, आज कुणाला शोधलं, नाव काय म्हणाला? मी नाव सांगतो. ती म्हणते, "मग न्हाय," आणि उठून तांदूळ निवडायला बसते. मग न्हाय म्हणजे काय, ते सांगत नाही. तांदूळ निवडताना मात्र पुटपुटत असते. देवाची नावं घेत असावी. तिचा जप लहानपणापासून ऐकतोय.

३ फेब्रुवारी

जुन्या कागदांच्या कचेरीत गेलो. "जेवून या." जेवून गेलो. बंद!

१० फेब्रुवारी

मोडी वाचणारे रजेवर. पुतणीचं लग्न. चहा कुणी विचारला नाही.

२४ फेब्रुवारी

सापडला! आमच्या घराण्याचा कागद, शंभर वर्षांपूर्वीचा. वाचणाऱ्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचला. आमच्या पूर्वजानं शेजाऱ्याच्या उसात म्हैस सोडली, म्हणून त्याला दिवसभर चावडीवर बसवून ठेवला होता. तलवारीचा उल्लेख नाही. म्हशीचा आहे, तोही तीनदा.

शालूनं विचारलं, तक्त्यावर म्हैस काढणार का? मी सरदाराच्या मिशा आणखी गडद केल्या.

आई म्हणाली, हेळव्याला विचार. हेळवी! सुगीनंतर नंदी घेऊन दारोदार फिरणारा, लोकांच्या पिढ्या वहीतून वाचून जोंधळे नेणारा माणूस. गावी मुरगूडला आमच्या चुलत सयाजीदादाकडं दर वर्षी येतो. म्हटलं, आई, टीव्हीवाले पुरावा बघतात. त्यावर म्हणाली, "तुझ्या पुराव्यात म्हस निगाली. त्याच्या वहीत काय निगतंय बघ तरी."

रविवार, ८ मार्च

सयाजीदादाचा निरोप आला, हेळवी आलाय, निघा. आई आनंदानं निघेल असं वाटलं, तर ती टीव्हीपुढून हलेना! आज रविवार, उद्या जाऊ म्हणे. पंधरा दिवस हेळव्याचा धोशा लावला तो हिनंच. म्हातारपण!

सोमवार, ९ मार्च

रजा टाकून मुरगूडला गेलो. काय लिहू, कुठून लिहू?

सयाजीदादाच्या सोप्यात हेळव्यानं वही उघडली. बोटभर जाड, हळदीकुंकवानं माखलेली. एका दमात अकरा पिढ्या वाचल्या. मूळ पुरुष दुष्काळात गदगकडून चालत आला. सोबत काय आणलं? एक शेळी! सरदार? हेळव्यानं दोनदा पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई की ओ, पावणं." सयाजीदादा हसून हसून खांबाला टेकला.

मग हेळवी आमची पिढी लिहायला लागला. आईनं विचारलं, बायकांची नावं लिहितोस का? त्यानं सांगितलं, वही पुरुषांची, पण कुणी सांगितलं तर लिहितो. मग मला विचारलं, आईचं माहेरचं नाव काय?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला माहीत नव्हतं! शेहेचाळीस वर्षांचा घोडा मी. नसलेल्या सरदाराच्या मिशा काढल्या, पण आईला लग्नाआधी काय म्हणायचे, हे कधी विचारलं नाही. तिच्या माहेरचं कुणी नाही, एवढंच ठाऊक.

"चंपा," आई म्हणाली. "लग्नात बया क्येली."

मग तिनं सगळं सांगितलं. १९१८ सालच्या मानमोडी तापाच्या साथीत आई-बाप एका आठवड्यात गेले. ही सहा वर्षांची. मावशीनं आणून मुरगुडात लग्न लावून दिलं आणि वर्षभरात मावशीही गेली. थोरला भाऊ केरबा कुणाबरोबर तरी कानडी मुलखात गेला, तो पुन्हा दिसला नाही. गावाचं नाव हिला आठवत नाही. आडनावही नाही. हेळवी म्हणाला, मग वही कुठली शोधायची?

आईनं डोळे मिटले आणि म्हणायला लागली — "राणोजीचा येसाजी, येसाजीचा धोंडी, धोंडीचा सुभाना, सुभानाचा कोंडी, कोंडीचा केरबा."

तांदूळ निवडतानाचा जप! ती देवाची नावं नव्हतीच. बाप केरबाकडून पिढ्या पाठ करून घ्यायचा, ही कडेला बसून ऐकायची. विसरू नयेत म्हणून सत्तर वर्षं रोज म्हणत आली. आणि मी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होतो!

हेळव्यानं वही मिटली. ही नावं त्याच्या वहीतली नव्हती, कानडी मुलखाकडं फिरणाऱ्या त्याच्या हेळवी मेव्हण्याकडची असावीत. जत्रेत भेटला की विचारीन म्हणाला.

परतताना एसटीत विचारलं, मग काल का आली नाहीस? म्हणाली, "त्यो टीव्हीवाला माणसं शोधतोय न्हवं? केरबा मला शोधत आसंल तर नाव पुकारंल की. चंपा म्हणला की मी उठणार."

म्हणून ते लुगडं. म्हणून "मग न्हाय". मला फार लाज वाटली. गाडीत रडता येईना, खिडकीबाहेर बघत बसलो.

रविवार, १५ मार्च

आई आजही न्हाऊन बसली. नाव काय म्हणाला? सांगितलं. "मग न्हाय."

तक्ता गुंडाळून ठेवला.

१ एप्रिल

राजारामपुरीत भर दुपारी आमच्या दारात नंदी! रिक्षा अडल्या, वरच्या मजल्यावरचा दिलदार धावत खाली आला. मला वाटलं, कुणी एप्रिल फूल करतंय. पण हेळवी खरंच आला होता. मेव्हण्याच्या वहीत पिढ्या सापडल्या. आईनं म्हटल्या तशाच, एक नाव इकडचं तिकडं नाही. आणि कोंडीखाली केरबाच्या शेजारी, पुरुषांच्या वहीत, एक मुलगी लिहिलेली — चंपा. केरबानंच लिहून घेतली होती. दर सुगीला मेव्हण्याला एकच प्रश्न, कुठल्या वहीत चंपा घावली का? घावणार कशी! आमच्या वहीत ती नव्हतीच.

आईनं एवढंच विचारलं, "हाय?"

"हाय की. गडहिंग्लजच्या पल्याड. कान ग्येल्यात, बाकी खणखणीत."

रविवार, ५ एप्रिल

टीव्ही लावला नाही. पहिल्या गाडीनं निघालो. केरबामामा अंगणात बसला होता. ऐकू येत नाही, कोण आलंय ते कळेना. आई त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि पिढ्या म्हणायला लागली. तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. सुभानाला त्यानं सूर धरला.

आई शेवटच्या नावाशी थांबली, "कोंडीचा केरबा."

तो म्हणाला, "कोंडीची चंपा."