फोटिसची हाडं

स्टुटगार्ट, ३ फेब्रुवारी २०१९

ती. असिमिना आत्यास,
याकोवोसचा सा. न. वि. वि.

संत्र्याच्या सालींचा मुरंबा पोचला. मिर्सिनीने अर्धी बरणी उभ्या उभ्या संपवली आणि आजोबांच्या गावी सगळे रोज हेच खातात का, असं विचारलं. फोन करत नाही, कारण गेल्या खेपेला मी वकिलाचं विचारलं आणि तू बकरीची तब्येत सांगितलीस.

आता नीट वाच. बाबांमागे बोटींचा कारखाना राहिला आणि कारखान्याहून मोठं कर्ज. म्हणून मी इथूनच, ग्रीक कॉन्सुलेटमध्ये जाऊन, वारसा नाकारला. मग तो माझी लेक म्हणून मिर्सिनीवर आला. एवढ्याशा पोरीसाठी कोर्टाची परवानगी काढण्यात दीड वर्ष गेलं. सुटलो असं वाटलं होतं. आता वकीलबाई रूसा सांगतात की मुलं-नातवंडं नाही म्हणाली की वारसा भावंडांकडे जातो. बाबांचं भावंड तू एकटी. हे मी आधीच विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, आत्या.

डिसेंबरात तुला नोटीस आली, तेव्हापासून चार महिने मोजायचे. ८ एप्रिलच्या आत मितिलिनीच्या कोर्टात जाऊन नकाराची सही केली नाहीस, तर ते कर्ज तुझं होईल आणि बँक तुझ्या घराला हात घालेल. तोवर कारखान्यातली एक फळीसुद्धा विकू नकोस. विकलीस की वारसा घेतलास असं धरतात.

पायाला तेल लाव. उत्तर लवकर धाड.

तुझा,
याकोवोस


लेस्वोस, १७ फेब्रुवारी

चि. याकोवोस यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

बकरी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. फळ्या मागायला दोघे आले होते, त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

सही मी करणार नाही. तू नको म्हणालास, पोरीच्या वतीनेही नको म्हणालास. तुझ्या घरी लेकरू आहे, तुला मी बोल लावत नाही. पण आता मीही नको म्हटलं, तर कोर्टाच्या वहीत माझ्या भावाला आपला म्हणणारं कोण उरलं? आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. फोटिसने माझ्या वेण्या घातल्यात, लाकूड तासणाऱ्या, वाकस धरायच्या हातांनी. वाकड्या यायच्या. शाळेत पोरी हसायच्या, आणि मी त्यांच्याशी भांडायची.

आणखी एक. मे महिन्यात फोटिसला पुरून तीन वर्षं होतात, कबरीची मुदत संपते. पाद्री पापा-ग्रिगोरिस परवा म्हणाले की आता फोटिसला वर काढायला हवं. खड्डा उघडायचा, हाडं वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची. मी नातं सोडल्याचा कागद दिल्यावर ती कोणत्या तोंडाने मागू? ज्यांचं कोणी नसतं त्यांची हाडं दफनभूमीमागच्या विहिरीत टाकतात, तू लहानपणी डोकावून पाहिलंयस. माझ्या भावाला तिथे जाऊ देणार नाही. घर गेलं तर शेजारच्या व्हांगेलिओकडे खाट टाकीन. ती घोरते, पण मला कुठे ऐकू येतं.

तू शहाणा इंजिनियर खरा, पण पुरल्यावर तिसऱ्या दिवशी निघालास, पाहुण्यासारखा. लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

माया आहेच, ती कुठे जात नाही.
आत्या


स्टुटगार्ट, २ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी वकीलबाईंना फोन केला. त्या हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, गावाकडच्या पुष्कळ बायका याच धास्तीने सही टाळतात. आत्या, त्या कागदाने फक्त मालमत्ता आणि देणं सुटतं. हाडं, दिवा, स्मरणाचे शिजवलेले गहू, यातलं काही कोर्टाच्या अखत्यारीत नाही. पापा-ग्रिगोरिसनाही विचारलं. कबरीच्या वहीत तीन वर्षांपासून तुझंच नाव आहे आणि ते कोणी खोडणार नाही, असं ते म्हणाले.

पाहुण्यासारखा म्हणालीस ते लागलं, कारण खरं आहे. त्या दिवशी कॉन्सुलेटमध्ये सही केल्यावर मला हलकं वाटलं होतं. मग बाहेर बाकावर बसलो आणि दोन तास उठवेना. बाबांना मी नको म्हटलं नव्हतं, आत्या. शपथेवर सांगतो.

बाबांच्या घराला बँकेचं कुलूप आहे. तुझंही घर गेलं तर गावात मी कोणाच्या दारात उभा राहू? सही कर. हात जोडतो.

तुझाच,
याकोवोस


लेस्वोस, २९ मार्च

चि. याकोवोस यास, अनेक आशीर्वाद.

काल पापा-ग्रिगोरिसना घेऊन बसने मितिलिनीला गेले. कारकून मुलगी चांगली होती, माझ्या कानाशी ओरडून वाचायची. मी दोनदा वाचायला लावलं. भावाचा वारसा, असंच लिहिलेलं होतं. भाऊ हा शब्द होता तिथे. मग सही केली. परत येताना बसमध्ये रडले. पापा-ग्रिगोरिसनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

घर राहिलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

शनिवार, १८ मे ठरला. वाइन आणि पांढरं कापड मी आणीन. पण माझे हात आता फार कापतात, माझ्याच्याने डोकं धरवणार नाही. सगळ्यात आधी कवटी वर येते, ती कोण घेणार, असं पापा-ग्रिगोरिसनी विचारलं. तेव्हा मी तुझ्या पत्रातलं वाक्य त्यांना वाचून दाखवलं, बाबांना मी नको म्हटलं नव्हतं.

ते म्हणाले, मग त्याचा मुलगा घेईल. मी हो म्हणून आले आहे.

वाट बघते.
तुझी आत्या