पत्र्यावरची रांगोळी

पालम, रविवार संध्याकाळ

गल्लीत स्पीकर उताणा ठेवला, वर पत्रा, पत्र्यावर रांगोळी. गाणं लागलं की रांगोळी नाचते. मला ऐकू येत नाही, मी ते बघते. बायका जमल्या, पण सगळ्यांची बोटं कानांत! वहिनीनं खुणेनं सांगितलं, "स्पीकर फाटलाय, कान फुटायलेत." फाटका आवाज कसा असतो? रांगोळी तर छान उडत होती.

तेवढ्यात शेजारच्या मावशी भांडायला आल्या. वाटलं, आता पांगतात सगळ्या. पण मावशी रांगोळीकडंच बघत राहिल्या. मी गाणं बंद करून स्पीकरचा माईक त्यांच्यापुढं केला. लाजत काहीतरी म्हणू लागल्या. "पाळणा म्हणायल्यात," वहिनीची खूण. रांगोळीची हळूहळू गोल कडी झाली. मावशींचा आवाज असा असतो होय?

जाताना मात्र भांडल्याच. वहिनीनं हसत हातवारे केले, "म्हणतात, तुमची रांगोळी लय जाडी हाय. उद्या माझी आणते."